जाड भिंत कुठे गेली?

दिवाळी झाली की चऱ्होलीत संध्याकाळ एकदम उतरते. इंद्रायणीकडून गार वारा सुटतो आणि आमच्या सोसायटीतल्या सहा इंची काँक्रीटच्या भिंती हाताला बर्फासारख्या लागतात. दुपारी बाहेर ३० अंश, पहाटे ११-१२, आणि घरातला थर्मामीटर इमानदारीत बाहेरच्याच्या मागे पळतो. वाड्यातली माणसं हिटर नसताना काय करत होती? या विकांताला त्याचाच माग काढला.

पुण्याची थंडी तशी चेष्टेवारी नेण्यासारखी नाही. १७ जानेवारी १९३५ रोजी इथे १.७ अंशांची नोंद झाली होती. पण युरोपात आठवडाच्या आठवडा सूर्य दिसत नाही, तसं आपलं नसतं. आपल्याला रोज दुपारी फुकट ऊब मिळते. त्यामुळे प्रश्न उष्णता तयार करायचा नाही, दुपारची पहाटेपर्यंत टिकवायचा आहे.

जुनी घरं नेमकं हेच करायची. दीड-दोन फूट जाड माती-दगडाच्या भिंतीतून उष्णता पलीकडे पोचायला दहा-बारा तास लागतात. म्हणजे दुपारचं ऊन आत यायचं ते मध्यरात्रीनंतर! आपल्या भाषेत सांगायचं तर भिंत हा बफर होता. सहा इंची काँक्रीटमध्ये हाच प्रवास साधारण चार तासांचा. रात्री आठ-नऊला खेळ खलास.

मग ही भिंत घालवली कुणी? 'बिल्डरने' हे सोपं उत्तर झालं. इतिहास जरा वेगळा आहे.

१२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला धरणं फुटली. नदीकाठच्या पेठांमधल्या वाड्यांच्या मातीच्या भिंती पाण्यात अक्षरशः विरघळल्या. दोनच वर्षांनी, १९६३ मध्ये, महाराष्ट्रात ओनरशिप फ्लॅटचा कायदा आला. पुढे वाड्यांच्या जागी एकेक करून सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या. मग ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीच्या भूकंपात पहाटे चारच्या सुमाराला मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. उबदार भिंतीनेच जीव घेतला. त्यामुळे 'जुनं ते सोनं' म्हणताना जीभ जरा चाचरते.

तिसरं कारण पैशांचं. बाहेरच्या भिंतीची जाडी बिल्डरला चटईक्षेत्रात मोजावी लागते, पण रेरात कार्पेट एरिया म्हणून विकता येत नाही. मग ती बारीक होणारच.

गंमत म्हणजे मधला मार्ग पुण्यातच होता. स्वीडनमध्ये १९२० च्या दशकात शोधलेला, आत हवेचे बुडबुडे असलेला हलका ब्लॉक बी. जी. शिर्के यांनी १९७० च्या दशकात पुण्यात आणला. नाव सिपोरेक्स. आजही साइटवर कुठल्याही कंपनीचा असा ब्लॉक 'सिपोरेक्स'च असतो. काँक्रीटपेक्षा तो उष्णता सात-आठ पट कमी वाहून नेतो. पण टॉवर भराभर उभे करायचे म्हणून ॲल्युमिनियमच्या साच्यांची 'मायवान' पद्धत आली, आणि सगळ्या भिंती काँक्रीटच्या झाल्या. भूकंपाला चांगल्या, थंडीला बेकार. २०१८ च्या इको निवास संहितेने भिंतींना मर्यादा घातली खरी, पण थंड प्रदेश सोडले तर ती बाहेरची उष्णता आत किती येते यावर आहे. आपली पहाट त्या हिशोबात नाही.

असो. भिंत तर आता जाड होणार नाही, पण तिचं काम वाटून देता येतं. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेला फक्त ४८ अंशांवर असतो. वर बाल्कनीचं छत नसेल तर दक्षिणेच्या खिडकीतून ऊन सहा फूट आत येतं. अकरा ते चार पडदे सताड उघडे ठेवा, फरशी तापू द्या. सूर्य कलला की काचा बंद करून जमिनीपर्यंत येणारे जाड पडदे ओढा. सरकत्या खिडकीच्या फटीत ब्रशची पट्टी बसवा. पलंग बाहेरच्या भिंतीपासून हातभर लांब घ्या आणि रात्री खाली सतरंजी टाका. एवढ्यावर आमच्याकडे पहाटे दोनेक अंशांचा फरक पडलाय.

दोन गोष्टी मात्र करू नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका; कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास, माणूस झोपेतच जातो. आणि स्वयंपाकघरातली किंवा गॅस गिझरच्या बाथरूमची हवेची जाळी बुजवू नका. उबेसाठी जीव देण्याची वेळ किल्लारीत एकदा येऊन गेली आहे, तेवढं पुरे.