परवान्याचे यंत्र आणि हातचे यंत्र

निजामी अमलात आणि तो संपल्यावरही पुष्कळ वर्षे मुदखेडसारख्या जंक्शनाच्या गावी नवे यंत्र यायचे ते मनमाडकडून किंवा सिकंदराबादकडून येणाऱ्या गाडीतून उतरून. घरच्या रेडिओलासुद्धा सरकारी परवाना लागे आणि तो पोस्टात शुल्क भरून दरसाल नवा करून घ्यावा लागे. यंत्र बाहेरून येते आणि आपण ते वापरतो, ही समजूत ज्या मुलखात इतकी खोल रुजली, तेथील वाचकाला सोव्हिएत हौशी मंडळींनी स्वहस्ते घडवलेल्या संगणकांचा इतिहास मुद्दाम सांगितला पाहिजे.

या इतिहासाचा आरंभ मॉस्कोतील एका तंत्रशिक्षण संस्थेत झाला. सर्गेई पोपोव्ह, गेन्नादी झेलेन्को आणि व्हिक्टर पानोव्ह या तिघांनी इंटेल ८०८० या अमेरिकी प्रोसेसरच्या सोव्हिएत प्रतिकृतीवर एक लहानसा संगणक उभा केला आणि तो घेऊन ते रेडिओ उद्योग खात्याच्या उपमंत्र्यांकडे गेले. व्यक्तिगत मोटार असू शकते, व्यक्तिगत बंगला असू शकतो, परंतु व्यक्तिगत संगणक असूच शकत नाही; संगणक म्हणजे शंभर चौरस मीटर जागा आणि पंचवीस माणसांचा सेवकवर्ग, अशा आशयाचे उत्तर तेथे मिळाल्याची आठवण पोपोव्ह यांनी पुढे सांगितली. खात्याचे दार बंद झाल्यावर या तिघांनी ‘रेडिओ’ मासिकाचे दार ठोठावले, आणि लक्षावधी प्रती खपणाऱ्या त्या मासिकात १९८२-८३ साली ‘मिक्रो-८०’ या त्यांच्या संगणकाचा संपूर्ण आराखडा क्रमशः प्रसिद्ध झाला. जे ज्ञान दप्तरात पडून राहिले असते ते घरोघर गेले, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोठी घटना हीच आहे.

‘मिक्रो-८०’ला सुमारे दोनशे चिपा लागत, म्हणून १९८६ मध्ये त्याच परंपरेतून अवघ्या २९ चिपांचा ‘रादिओ-८६आरके’ निघाला. परंतु पडद्यावर अक्षरे उमटवणारी त्यातील एक चिप दुकानात मिळेना, आणि बाकी सारे जमवून बसलेल्या माणसाचे काम त्या एका चिपेपाशी अडून राही. यावर तोड काढली ती युक्रेनमधील द्नेप्रोद्झेर्झिन्स्क या कारखान्यांच्या गावातील अनातोली व्होल्कोव्ह या अध्यापकाने. त्याने ती दुर्मीळ चिपच वगळून ‘स्पेत्सिआलिस्त’ रचला, आणि १९८७ मध्ये एका हौशी तंत्रमासिकाने तो छापला. राजधानीपासून दूर असलेल्या गावच्या मास्तराने हे करावे, याचा मला विशेष आनंद वाटतो.

तथापि खरा प्रसार झाला तो ब्रिटनमध्ये १९८२ साली निघालेल्या सिंक्लेअरच्या ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’च्या प्रतिकृतींचा. त्या यंत्राचे मर्म फेरांटी कंपनीच्या एका खास चिपेत होते; चित्र, कळफलक आणि कॅसेट यांचा सारा कारभार तीच पाही, आणि ती बाजारात सुटी मिळत नसे. सोव्हिएत अभियंत्यांनी मूळ यंत्राचे वर्तन बारकाईने न्याहाळून त्या एका चिपेचे काम साध्या, सर्वत्र मिळणाऱ्या तर्कचिपांच्या समूहाकडून करवून घेतले. लव्होव्हमध्ये, लेनिनग्राडमध्ये सर्गेई झोनोव्ह यांच्या हातून आणि पुढे मॉस्कोच्या ‘पेंटागॉन’ या प्रतिकृतीमध्ये हे आराखडे उत्तरोत्तर सुबक होत गेले, त्यांच्या नकला हातोहात फिरत, आणि घरी डाग देऊन जोडलेला फलक दूरदर्शन संचाला व टेपरेकॉर्डरला लावला की कॅसेटच्या कर्कश आवाजातून कार्यक्रम स्मृतीत उतरे. हक्कदाराची अनुमती कोणी घेतली नव्हती, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु बंद चिपेच्या आत काय चालते हे बाहेरून ताडून ते पुन्हा निर्माण करणे म्हणजे नुसती नक्कल असे म्हणणे हा त्या श्रमांचा अवमान होईल.

आपल्याकडे हेच स्पेक्ट्रम रीतसर परवान्याने आले. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘डीबी स्पेक्ट्रम’ बाजारात आणला, आणि तत्पूर्वी १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेने निवडक शाळांतून ‘बीबीसी मायक्रो’ संगणक पोहोचवले होते. पुण्यातच १९८८ मध्ये सी-डॅक ही संगणक संस्था स्थापन होऊन, अमेरिकेने महासंगणकाबाबत घातलेल्या निर्बंधांना उत्तर म्हणून विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध झाला, तोही ब्रिटिश बनावटीच्या ट्रान्सप्युटर चिपांच्या बळावर. म्हणजे कौशल्य आपल्याकडे नव्हते असे नाही. ते संस्थेच्या आवारात राहिले, आणि घराघरात डागणी धरणारा वर्ग त्यातून निपजला नाही.

नांदेडात, लातुरात, पुण्यात कोणाच्या माळ्यावर एखादा ‘डीबी स्पेक्ट्रम’ त्याच्या पुस्तिकेसह पडून असेल, तर तो भंगारात घालू नये. जवळच्या शाळेत न्यावा, मुलांसमोर उघडावा, आणि आतली प्रत्येक चिप काय काम करते ते त्यांना शोधून काढू द्यावे.