चूल नसलेल्यांचें पक्वान्न

रविवारीं सकाळीं मैदा भिजवून ठेवावा, संध्याकाळीं तो फुगून आला म्हणजे हातानें थापावा आणि वर टोमॅटो व चीज पसरून मुलांच्या देखत भाजावा, हा प्रघात आपल्या कित्येक कुटुंबांत आतां चांगलाच रुळला आहे. घरचें तें निर्मळ व पौष्टिक, ही आपली जुनी समजूत त्याच्या मुळाशीं आहे. परंतु या पदार्थाचा इतिहास चाळूं लागतांच आम्हांस एक चमत्कारिक विसंगति आढळली. ज्या पिझ्झाला आपण आज घरगुती करूं पाहतों, तो मुळांत ज्यांच्या घरीं धड स्वयंपाकघरहि नव्हतें अशांच्या पोटासाठीं वाढीस लागला.

शब्द पुरातन आहे. इटलींतील गाएता येथील इ. स. ९९७ च्या एका लॅटिन करारपत्रांत, नाताळास व ईस्टरास बिशपाला बारा 'पिझ्झे' द्यावे, असें कलम आहे. त्यांवर टोमॅटो असणें शक्यच नव्हतें. कारण तें फळ अमेरिकेंतलें. मिरचीप्रमाणें तेंहि कोलंबसाच्या सफरींनंतर जुन्या जगांत आलें, आणि युरोपांत पुष्कळ लोक त्याला दीर्घकाळ विषारी समजत. नेपल्सवर स्पेनची सत्ता होती, व सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथील आंतोनियो लातिनी यानें आपल्या पाकग्रंथांत टोमॅटोची चटणी दिली, तीहि 'स्पॅनिश पद्धतीची' म्हणून.

या नेपल्समध्यें गरिबांची कुटुंबेंच्या कुटुंबें तळमजल्यावरील एकेका अंधाऱ्या खोलींत राहत. तेथें भट्टी कोठून असणार? लांकडांनीं घुमट तापविणें हें एका घराचें काम नव्हे, तें भट्टीवाल्याचें. आपल्याकडेहि पाव कधीं घरीं भाजला जात नसे, आणि दिवाळींत पीठ, तूप व साखर घेऊन नानकटाईसाठीं भट्टीवर जाण्याची चाल पुष्कळांस आठवत असेल. नेपल्सच्या मजुराला तेवढीहि सामग्री जमवितां येत नसे. तो भाजलेला तुकडाच विकत घेई आणि उभ्या उभ्या खाई. फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांद्र द्यूमा हा १८३५ सालीं तेथें गेला होता. त्याच्या प्रवासवर्णनांत तेल, चरबी, चीज, टोमॅटो, बारीक मासळी असे पिझ्झाचे प्रकार आले आहेत. मासळी महाग झाली कीं तो पिझ्झा महाग, तेलाचें पीक बुडालें कीं तो महाग. म्हणून पिझ्झा हें बाजाराचें उष्णतामापकच होय, असें त्यानें मार्मिकपणें म्हटलें आहे.

सुशिक्षितांस मात्र या अन्नाची किळस वाटे. 'पिनोकियो'चा कर्ता कार्लो कोलोदी यानें १८८६ मध्यें त्याची गणना जवळजवळ घाणींतच केली. माटिल्दे सेराओ या लेखिकेनें १८८४ सालीं नेपल्सच्या दारिद्र्याचें चित्र रेखाटतांना, रोममध्यें निघालेलें पिझ्झाचें एक दुकान आरंभींच्या गर्दीनंतर कसें ओस पडलें, तें सांगितलें आहे. १८९१ सालीं पेल्लेग्रिनो आर्तुझीनें मध्यमवर्गीय गृहिणींसाठीं प्रसिद्ध केलेल्या पाकशास्त्रांत 'नेपल्सचा पिझ्झा' आहे खरा, परंतु तो बदाम घातलेला गोड पदार्थ! रस्त्यावरच्या पिझ्झाला सुखवस्तु घरांत अद्याप प्रवेश नव्हता.

अशा पदार्थाला एका राणीची कथा चिकटावी हें स्वाभाविकच. १८८९ सालीं राफाएले एस्पोझितो यानें राणी मार्गेरितासाठीं टोमॅटो, मोझ्झारेला चीज व तुळशीच्या जातीचीं पानें वापरून नवा पिझ्झा निर्माण केला, असें सर्वत्र सांगतात. परंतु त्याच्या वीस वर्षांहून अधिक आधीं छापलेल्या नेपल्सच्या एका वर्णनांत या तिन्ही जिनसा पिझ्झावर आलेल्या दिसतात, आणि राणीच्या पदरच्या अधिकाऱ्याचें म्हणून दाखविलें जाणारें पत्र अस्सल आहे कीं नाहीं, याविषयीं अलीकडच्या संशोधकांनीं शंका घेतली आहे. गरिबांच्या कल्पकतेचें श्रेय राजवाड्यास देण्याची ही रीत इतिहासास नवी नाहीं.

आतां आपल्या स्वयंपाकघराकडे वळूं. एक किलो मैद्यास सुमारे सहाशे ग्रॅम पाणी, पंचवीस ग्रॅम मीठ आणि नाममात्र यीस्ट एवढीच मूळ सामग्री. मळल्यानें पिठाला चिवटपणा येतो, यीस्टमुळें निघणारा वायु त्यांत अडकतो, आणि आठ-दहा तास धीर धरल्यास चव खुलते. अडचण येते ती आंचेची. नेपल्सची भट्टी सुमारे ४८० अंश सेल्सिअस तापते व साठ ते नव्वद सेकंदांत पिझ्झा भाजून निघतो. घरचा ओव्हन २५० अंशांवर थांबतो, दहा मिनिटें घेतो, आणि तेवढ्यांत कडा सुकून कडक होतात. जाड लोखंडी तवा आंत अर्धा तास तापवून त्यावर पिझ्झा सोडल्यास पुष्कळ सुधारणा होते. पण भट्टीची बरोबरी होत नाहीं. चूल नसलेल्या माणसाचें अन्न आपल्या भरल्या घरांतहि तंतोतंत उतरत नाहीं, हें आम्हांस विचार करण्याजोगें वाटतें.

२०१७ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या वारशांत नोंद केली ती नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेची. मान मिळाला तो हातांना, हें योग्यच झालें. पुढच्या रविवारीं मुलांना राणीची गोष्ट अवश्य सांगावी. मात्र त्याआधीं त्या अंधाऱ्या खोलींतून बाहेर पडून कामावर जातां जातां एक तुकडा विकत घेणाऱ्या मजुराची सांगावी.