स्मेतानाच्या कानांतील स्वर

१८७४ सालच्या जुलै महिन्यात बेद्रिख स्मेताना या चेक संगीतकाराला एक विचित्र गोष्ट जाणवू लागली. वरच्या सप्तकांतील स्वर एका कानाला जेवढे उंच वाटत, तेवढे ते दुसऱ्या कानाला वाटेनात. मधूनच कानांत मुंग्या येत, आणि एखाद्या प्रचंड धबधब्याजवळ उभे असावे तसा घोष ऐकू येई. महिना संपता संपता हा घोष कायमच्या मुक्कामाला आला. त्याच्या जोडीला भोवळही आली. चालताना तोल जाऊ लागला. स्मेताना तेव्हा पन्नास वर्षांचा होता आणि प्राग येथील चेक नाट्यगृहाचा प्रमुख संगीतसंचालक होता. कोणत्या वाद्याचा स्वर केसभर ढळला हे वाद्यवृंदासमोर उभे राहून तत्क्षणी ओळखणे हे ज्याचे नित्याचे काम, त्याच्यावर हा प्रसंग आला. सप्टेंबरच्या आरंभी त्याने नाट्यगृहाच्या चालकांना पत्राने आपली अवस्था कळविली. ऑक्टोबरमध्ये उजवा कान गेला, आणि त्याच महिन्याच्या २० तारखेस डावाही. चार महिन्यांच्या आत सारे आटोपले. घोष मात्र राहिला.

बहिरेपण म्हणजे निःशब्दता, अशी ऐकू येणाऱ्या माणसांची समजूत असते. सुश्रुतसंहितेने ती केव्हाच दूर ठेवली होती. तेथे कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले असून त्यांत बाधिर्य वेगळे आणि कर्णनाद वेगळा गणला आहे. दोन्ही एकाच घरी नांदू शकतात. आजचे शास्त्र त्याची उपपत्ती अशी देते. आपल्या आंतरकर्णात गोगलगाईच्या शंखाप्रमाणे वळलेली एक नलिका असते, आणि तिच्यात केसांसारखे सूक्ष्म तंतू धारण करणाऱ्या सुमारे पंधरा हजार पेशी असतात. बाहेरचा ध्वनी मज्जातंतूंच्या भाषेत उतरविणे हे त्यांचे काम. त्या नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. मग त्या बाजूने वार्ता येईनाशी झाली की मेंदू आपली श्रवणशक्ती जणू अधिकाधिक ताणतो, आणि त्या ताणात त्याला स्वतःचाच कोलाहल ऐकू येऊ लागतो. म्हणजे ज्या कानांतून जग नाहीसे झाले, तेच कान सर्वांत अधिक गजबजलेले असतात. गवय्याला तंबोऱ्याचा अखंड नाद आधार देतो हे खरे. पण तो तंबोरा त्याने स्वतः जुळविलेला असतो आणि मैफल संपल्यावर गवसणीत घालून ठेवता येतो. न जुळविलेला आणि खाली न ठेवता येणारा तंबोरा अहोरात्र मस्तकात वाजत राहिला, तर काय होईल याची कल्पना करावी.

संगीतकारांत हे दुःख भोगणारा स्मेताना पहिला नव्हे. बीथोव्हनने १८०१ साली आपल्या एका वैद्य मित्राला लिहिलेल्या पत्रात रात्रंदिवस कानांत चालणाऱ्या गुणगुणीची तक्रार केली आहे. १८५४ सालच्या फेब्रुवारीत शूमानला एकच स्वर सतत ऐकू येऊ लागला, आणि त्याची परिणती त्याच्या बुद्धिभ्रंशात झाली. बीथोव्हनचे कान वर्षानुवर्षे हळूहळू क्षीण होत गेले. सावरून घेण्याइतका वेळ तरी त्याला मिळाला. स्मेतानाला तोही मिळाला नाही.

उपचार झाले. प्राग येथील कर्णवैद्य त्सौफाल यांनी त्याला सर्व ध्वनींपासून दूर, जवळजवळ एकांतवासात ठेवले. आज असे कोणी करणार नाही. कारण शांतता जितकी गाढ, तितका हा नाद अधिक ठळक होतो, आणि म्हणूनच हल्ली अशा रोग्याला पंख्याचा किंवा पावसाचा मंद आवाज सोबतीला ठेवण्यास सांगतात. परंतु त्या काळाचे ज्ञान तेवढेच होते. १८७५ साली जुन्या शिष्यांनी आणि स्वीडनमधील स्नेह्यांनी जमविलेल्या पैशांवर तो व्यूर्ट्सबुर्ग व व्हिएन्ना येथील नामांकित कर्णतज्ज्ञांकडे जाऊन आला. गुण आला नाही.

पैशांचा प्रश्न कानांइतकाच बिकट होता. नाट्यगृहाने त्याला वर्षाला १,२०० गुल्डनचे वेतन बांधून दिले, परंतु त्याच्या बदल्यात त्याच्या संगीतिकांच्या प्रयोगाचे हक्क घेतले. तेही पैसे वेळेवर येत नसत. ज्याच्या 'विकलेली वधू' या संगीतिकेने १८६६ पासून त्या रंगभूमीला स्वतःचा चेहरा दिला, त्याच्याशी हा व्यवहार व्हावा, हे त्या संस्थेला भूषणावह म्हणता येत नाही. प्रागमधील खर्च झेपेना, तेव्हा १८७६ च्या जूनमध्ये त्याने शहर सोडले आणि याबकेनित्से या खेड्यात, वनाधिकारी असलेल्या जावयाच्या घरी, मुलगी झोफी हिच्याकडे जाऊन राहिला.

आता आश्चर्य वाटावे असा भाग येतो. डावा कान गेल्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा, १८ नोव्हेंबर १८७४ रोजी, 'माझा देश' या वाद्यवृंद-काव्यमालेतील पहिले काव्य 'विशेह्राद' पूर्ण झाले. दोनच दिवसांनी त्याने 'व्ल्तावा' हाती घेतले, आणि एकोणीस दिवसांत, ८ डिसेंबरला, तेही संपविले. दोन लहान झऱ्यांपासून निघून प्रागच्या तटाखालून वाहणाऱ्या नदीचे हे स्वरचित्र आज जगभर वाजते. मस्तकात धबधबा गर्जत असता माणूस झऱ्याची झुळझुळ लिहीत होता. हे काम त्याला सुखाने करता येत होते असे मात्र कोणी समजू नये. विचाराला वेग आला की कानांतील घोष वाढे, मन स्थिर झाले की तो ओसरे. म्हणजे रचनेत जितके रमावे, तितका शत्रू बलवान होई. त्याला थोडा वेळ लिहून लेखणी खाली ठेवावी लागे. माणसांशी संभाषण कागदाच्या चिठ्ठ्यांवर चाले.

१८७६ च्या अखेरीस, याबकेनित्से येथे, चार तंतुवाद्यांसाठी त्याने जी रचना केली तिचे नाव 'माझ्या जीवनातून'. पहिल्या भागात तारुण्यातील कलेची ओढ, दुसऱ्यात पोल्का नृत्याचे उल्हासाचे दिवस, तिसऱ्यात पुढे त्याची पत्नी झालेल्या आणि १८५९ साली निवर्तलेल्या कातेर्झिना हिच्यावरील प्रथम प्रेमाची आठवण. चौथा भाग आनंदाने धावत सुटतो. राष्ट्रीय संगीताचा मार्ग सापडल्याचा तो आनंद आहे. आणि ऐन रंगात सारे एकाएकी थांबते. खालची वाद्ये थरथरू लागतात, आणि पहिले व्हायोलिन एक अतितीव्र स्वर लांबवून धरते. त्या वाद्याच्या सर्वांत बारीक तारेचा मोकळा स्वर असतो त्याच्याही दोन सप्तके वरचा, सेकंदाला अडीच हजारांहून अधिक कंपनांचा. ज्या नादाने बहिरेपणाची वर्दी दिली तो हाच, असे स्मेतानाने मित्राला पत्रातून कळविले.

तरी येथे एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. त्याच्याच सांगण्याप्रमाणे कान जाण्यापूर्वी कित्येक आठवडे रोज सायंकाळी सहा-सातच्या सुमारास त्याला जी शीळ छळीत असे ती एका स्वराची नव्हती. बासरीच्या अतिउंच पट्टीतील तो स्वरसंघात होता. रचनेत मात्र त्याने एकच स्वर घेतला. आणि तोही किती काळ? मोजक्या मात्रा. प्रत्यक्षात जो नाद त्याला झोपेतून उठल्यापासून झोपेपर्यंत सोडीत नव्हता, त्याला त्याने अर्ध्या तासाच्या रचनेत काही क्षणांची जागा दिली. पूर्ण भाग त्या नादाने भरून टाकणे त्याला अशक्य नव्हते. ऐकणाऱ्यांची दयाही त्याला विपुल मिळाली असती. पण रचना 'माझ्या जीवनातून' होती, आणि जीवनात पोल्का होता, कातेर्झिना होती, नाट्यगृह होते. त्या सर्वांच्या शेजारी या स्वराला किती जागा द्यायची, हे ठरविण्याचा अधिकार त्याने स्वतःकडे ठेवला. वैद्यांना तो नाद ऐकू येत नव्हता, मुलीला ऐकू येत नव्हता. त्या क्षणांपुरता तो सर्वांच्या कानी पडला.

त्या स्वरानंतर आधीच्या भागांतील सुरावटी आठवणींसारख्या डोकावतात, आणि तारा हलकेच छेडीत रचना विझत जाते. १८७८ साली प्रागमधील एका मित्राच्या घरी ती प्रथम वाजविली गेली. व्हिओला वाजवीत होता अंतोनिन ड्वोर्झाक. २९ मार्च १८७९ रोजी तिचा जाहीर प्रयोग झाला. १८८२ च्या ५ नोव्हेंबरला 'माझा देश' ही सहा काव्यांची माला प्रथमच सलग सादर झाली, तेव्हा स्मेताना सभागृहात होता. संगीत त्याने ऐकले नाही. लोक उभे राहिलेले पाहिले.

पुढे स्मृती आणि वाचा दोन्ही ढासळत गेल्या. तरीही १८८३ च्या मार्चमध्ये त्याने दुसरी चतुर्वाद्य-रचना पुरी केली. १८८४ च्या एप्रिलमध्ये त्याला प्रागच्या मनोरुग्णालयात नेण्यात आले, आणि १२ मे रोजी तेथेच त्याचा अंत झाला. १९५२ पासून प्रागच्या वसंतोत्सवाचा आरंभ 'माझा देश'ने होत आला आहे, आणि त्यासाठी १२ मे हाच दिवस रूढ झाला आहे.