मिश्र गहू आणि ‘शुद्ध’ या शब्दाचा इतिहास

‘शुद्ध’ हा शब्द तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही आयुष्यभर वापरला. आज तो गव्हाच्या शेतात नेऊन बघू.

1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि पुढे हिंदुस्थानचा गहू विलायतेला मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला. तिथल्या गिरणीवाल्यांची तक्रार होती की माल मिश्र आहे: तांबडा, पांढरा, मऊ, कठीण, सगळा एकत्र. पुढे बिहारमधल्या पुसा इथे अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने मिश्र शेतांतून निवड करत शुद्ध वाण काढले. 1909 साली त्यांचा हिंदुस्थानातल्या गव्हावरचा ग्रंथ आला. गिरणीला एकसारखा दाणा हवा, हे बरोबरच.

आता शेतकऱ्याच्या बांधावरून बघा. पेरताना पाणी किती मिळणार, हे त्याला ठाऊक नसतं. लवकर निसवणारा वाण पाणी तुटण्याआधी दाणा भरून मोकळा होतो; उशिराचा वाण पाणी मिळालं तर जास्त उतारा देतो. दोन्ही एकत्र पेरले, तर एकाची तूट दुसरा थोडीफार भरून काढतो. त्याला भेसळ म्हणायचं की विमा?

पण मिश्रण आहे तसं राहत नाही. अमेरिकेत हार्लन आणि मार्टिनी यांनी 1925 पासून सातूच्या 11 जाती सम प्रमाणात मिसळून दहा ठिकाणी पेरल्या. आलेलं बी पुन्हा पेरत गेले. काही वर्षांतच ठिकाणागणिक वेगळी जात वरचढ झाली. गव्हातही हेच. भरपूर पाण्यावर उंच वाण बुटक्यावर सावली धरतो, आणि एकटा पेरल्यावर चांगला पिकणारा वाण मिश्रणात मागे पडू शकतो. म्हणजे मिश्रण चांगलं की वाईट, हे पाण्याचा हिशेब मांडल्याशिवाय सांगताच येत नाही.

आपल्याकडे खपली बागायतीत आणि बक्षी जिरायतीत, अशी पाण्यानुसार वाटणी होतीच. 1960 च्या दशकात बुटके वाण आले. कल्याणसोना सर्वत्र पसरला आणि पुढे तांबेऱ्याला बळी पडू लागला. तेव्हा शास्त्रज्ञांनीच दिसायला सारख्या, पण तांबेऱ्याला वेगवेगळ्या तऱ्हेने तोंड देणाऱ्या ओळी एकत्र करून बियाणं दिलं. शुद्धतेच्या पोटात पुन्हा मिश्रण आलं!

आज शिफारस अशी: एकच पाणी असेल तर 40 ते 42 दिवसांनी द्या, दोन असतील तर 20 ते 22 आणि 60 ते 65 दिवसांनी. पण कालव्याच्या शेवटच्या टोकाला आवर्तन लांबलं, तर दिवस मोजून काय उपयोग? तिथे मिश्रणाचा विचार व्हायला हवा. मात्र काढणी एका वेळी जमली पाहिजे, नाहीतर आधी पिकलेला दाणा गळतो. आणि दाण्याची प्रत जुळली पाहिजे, नाहीतर बाजारात भाव पडतो.

‘शुद्ध’ म्हणण्याआधी कोणासाठी आणि किती पाण्यावर, हे दोन प्रश्न आपण विचारायला हवेत.