निवृत्त विनाशिका आणि तिचे सुटे भाग

युद्धनौकांचे इतिहास वाचताना आम्हांला एक उणीव नेहमी जाणवते. त्यांत लढाया असतात, सेनानी असतात, तोफांचे पल्ले असतात. कोठाराचा उल्लेख मात्र क्वचितच येतो. वास्तविक नौका किती वर्षे चालणार, हे पुष्कळदा तिच्या पोलादापेक्षा कोठारातील सुट्या भागांवर ठरते. अमेरिकेच्या 'चार्ल्स एफ. अ‍ॅडम्स' वर्गातील विनाशिकांची कथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

१९६० ते १९६४ या काळात या वर्गाच्या २३ नौका अमेरिकी नौदलात दाखल झाल्या. टार्टर हे विमानवेधी क्षेपणास्त्र, पाच इंची दोन तोफा आणि चार बॉयलरांच्या उच्च दाबाच्या वाफेवर चालणारी ७०,००० अश्वशक्तीची यंत्रणा, असा त्यांचा थाट होता. हा आराखडा पसंत पडून ऑस्ट्रेलियाने तीन नौका मिशिगनमधील बे सिटी येथे, तर पश्चिम जर्मनीने तीन नौका मेन राज्यातील बाथ येथे बांधून घेतल्या. दोन्ही देशांनी केवळ नौका घेतल्या नव्हत्या. २३ भगिनींसाठी भरलेल्या एका विशाल कोठाराचा आधारही त्यांना लाभला होता.

शीतयुद्ध संपले आणि हा आधार सुटू लागला. १९९१ पासून दाखल होणाऱ्या 'आर्ली बर्क' वर्गाच्या नौका गॅस टर्बाइनवर चालणाऱ्या होत्या. जुन्या बॉयलरांचे भाग त्यांच्या काय कामाचे? अमेरिकेची या वर्गातील अखेरची नौका 'गोल्ड्सबरो' २९ एप्रिल १९९३ रोजी निवृत्त झाली. आता ऑस्ट्रेलियाने काय करावे? त्याने त्याच वर्षी 'गोल्ड्सबरो'च विकत घेतली, ती चालवण्यासाठी नव्हे, तर तिचे भाग काढून आपल्या तीन नौका चालत्या ठेवण्यासाठी. ग्रीसनेही वापरासाठी चार नौका घेतल्या आणि 'रिचर्ड ई. बर्ड' ही पाचवी सुट्या भागांसाठी नेली.

ऑस्ट्रेलियाच्या 'पर्थ', 'होबार्ट' व 'ब्रिस्बेन' १९९९ ते २००१ या काळात निवृत्त झाल्या. पुढे त्या पाणबुड्यांच्या सहलींसाठी समुद्रात बुडवण्यात आल्या. जर्मनीची 'म्योल्डर्स' विल्हेल्म्सहाफेन येथे संग्रहालय होऊन उभी आहे. खुद्द 'चार्ल्स एफ. अ‍ॅडम्स'चे जॅक्सनव्हिल येथे संग्रहालय करण्याचा प्रयत्न मात्र फसला आणि ती टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल येथे मोडीत निघाली.

'गोल्ड्सबरो'ला यांपैकी काहीच लाभले नाही. १९७२ च्या डिसेंबरात व्हिएतनामच्या किनाऱ्यावरून आलेल्या गोळ्याने तिच्यावरील खलाशी मारले गेले होते. परंतु तिची अखेरची सेवा रणांगणावरील नव्हती. परक्याच्या ध्वजाखालील भगिनींना आपले अवयव देणे, ही ती सेवा. वीरगाथेत अशा सेवेला जागा नसते. पण जो देश दुसऱ्याकडून नौका घेतो, तो विकणाऱ्याच्या निवृत्तीचे वेळापत्रकही नकळत स्वीकारतो. ते वेळापत्रक काही वर्षे पुढे ढकलता येते, ते अशाच एखाद्या मोडलेल्या नौकेच्या बळावर. आमच्या मते तिची नोंद लढाईच्या पानावर नसली, तरी इतिहासात असायला हवी.