दुसऱ्याच्या कपाटाची किल्ली

गेल्या शनिवारी माळा आवरताना बाबांची जुनी हार्ड डिस्क सापडली. अडॅप्टर लावून लिनक्सच्या लॅपटॉपला जोडली, क्लिक केलं, उघडली! बायको म्हणाली, "मग त्यात काय एवढं?" तर मंडळी, त्यात बरंच काही आहे.

२००४ साली बाबांच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला. आजीची पत्रं त्यांनी स्कॅन करून याच डिस्कवर ठेवलेली. डिस्क एनटीएफएसची, आणि माझ्याकडे फक्त लिनक्स. पत्रं वाचता आली, कॉपी झाली, जीव भांड्यात पडला. "कोणतं पत्र कोणाला, त्याची यादीही तिथेच ठेव," बाबा म्हणाले. ते मात्र मला जमेना.

एनटीएफएस आली १९९३ साली, विंडोज एनटी ३.१ बरोबर. मायक्रोसॉफ्टने तिचा पूर्ण आराखडा जाहीर केला नव्हता. त्यामुळे लिनक्सवाल्यांनी डिस्कवरचे बाइट तपासत तर्काने रचना शोधली. मार्टिन फॉन लोविसचा ड्रायव्हर १९९७ मध्ये कर्नलमध्ये आला. पुढे अँटन अल्टापारमाकोवने तो नव्याने लिहिला. २००२ मध्ये तोही आत आला.

वाचणं त्यामानाने सोपं. लिहिणं अवघड, कारण एक नवी फाइल म्हणजे चार ठिकाणी नोंद: मुख्य तक्त्यात, फोल्डरच्या सूचीत, मोकळ्या जागेच्या नकाशात आणि लॉगमध्ये. एक जरी चुकली तरी हिशोब बिघडला. म्हणून २००४ च्या सुमारास कर्नलचा ड्रायव्हर आधीच्या फाइलवर, तिचा आकार न बदलता, तेवढं लिहू द्यायचा. यान क्राटोचविलच्या 'कॅप्टिव्ह'ने तर २००३ मध्ये गंमतच केली: विंडोजचाच ड्रायव्हर उचलून लिनक्समध्ये चालवला!

कोंडी फुटली ती साबोल्च साकाचिचच्या एनटीएफएस-३जी मुळे. २००७ च्या फेब्रुवारीत त्याची स्थिर आवृत्ती आली. कर्नलच्या बाहेर चालणारा हा ड्रायव्हर बिनधास्त लिहायचा. शेवटी २०२१ मध्ये पॅरागॉन कंपनीने आपला ड्रायव्हर कर्नलला दिला. आधी हीच कंपनी असा ड्रायव्हर विकत असे.

असो. शनिवारी आधी सगळ्या डिस्कची कॉपी काढली. मग बाबांना शेजारी बसवलं, ते सांगत गेले, मी टाइप केलं. यादी आता पत्रांशेजारी आहे. सतराव्या पत्राशी ते बराच वेळ थांबले. मी काही विचारलं नाही.