दोन अमेरिकन, दोन वाटा

अमेरिकेत किंवा युरोपात वाढलेला माणूस परदेशातल्या जिहादी संघटनेत भरती झाला, की तो नक्की कोणासाठी धोकादायक ठरतो? वाटतं तितकं सोपं उत्तर नाही हो याचं. दोन अमेरिकनांच्या गोष्टी शेजारीशेजारी ठेवून बघूया.

पहिला जॉन वॉकर लिंड. कॅलिफोर्नियातला खात्यापित्या घरातला मुलगा. सोळाव्या वर्षी मुसलमान झाला, अरबी शिकायला येमेनला गेला, तिथून पुढे पाकिस्तान आणि २००१ मध्ये थेट अफगाणिस्तानात, तालिबानच्या बाजूने लढायला. नोव्हेंबर २००१ मध्ये तो पकडला गेला. मझार-ए-शरीफजवळच्या किल्ल्यात कैद्यांनी उठाव केला, त्यात सीआयएचा एक अधिकारी मारला गेला. तळघरातून शेवटी जे कैदी बाहेर आले, त्यात हा वीस वर्षांचा पोरगा. सगळी अमेरिका हादरली. २००२ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली आणि मे २०१९ मध्ये तो सुटला. लिंडने अमेरिकेत येऊन काही घातपात केला नाही. त्याला लढायचं होतं, तो लढायला गेला, संपलं.

दुसरा डेव्हिड हेडली. हे नाव मुंबईकराला वेगळं सांगायला नको. मूळ नाव दाऊद गिलानी, वडील पाकिस्तानी, आई अमेरिकन. हेरॉइनच्या तस्करीत पकडला गेला आणि अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या झाला. २००२ पासून त्याने लष्कर-ए-तैयबाकडे प्रशिक्षण घेतलं. त्याला काश्मीरमध्ये लढायला जायचं होतं, पण 'तुझं वय झालंय' म्हणून त्याला नकार मिळाला, असं त्याने २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयासमोर व्हिडिओवरून दिलेल्या साक्षीत सांगितलं.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा!). बंदूक चालवायला निरुपयोगी ठरलेल्या या माणसाकडे दुसऱ्या कोणाकडे नसलेली एक गोष्ट होती, ती म्हणजे अमेरिकन पासपोर्ट. २००६ मध्ये त्याने अधिकृतपणे नाव बदललं. 'दाऊद' गेला, 'डेव्हिड' आला. ताडदेवला इमिग्रेशन सल्ल्याचं ऑफिस थाटलं, ताजमध्ये राहिला, कॅमेरा घेऊन फिरला, बोटीतून किनारा पाहून आला. २६/११ च्या आधी मुंबईच्या पाच फेऱ्या. एकदाही कोणाला संशय आला नाही. पुढे १६६ माणसं मेली, पण त्यातली एकही गोळी त्याने स्वतः झाडली नव्हती.

म्हणजे पाश्चात्त्य रिक्रूटची खरी किंमत त्याच्या लढण्यात नाही, तर त्याला न अडवता जाऊ देणाऱ्या दारांमध्ये आहे. १३ नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसमध्ये १३० जण मारले गेले, तेव्हाही हल्लेखोरांपैकी बरेच जण फ्रान्स-बेल्जियमचेच नागरिक होते आणि सीरियात जाऊन आले होते.

मग जो कोणी गेला त्याला कायमचा बाहेर ठेवायचा का? ब्रिटनने २०१९ मध्ये शमीमा बेगमचं नागरिकत्व काढलं. ती घर सोडून सीरियाला गेली तेव्हा फक्त पंधरा वर्षांची होती. नॉर्वेजियन अभ्यासक थॉमस हेगहॅमरने २०१३ मध्ये जुनी आकडेवारी तपासली. बाहेर लढायला गेलेल्या पाश्चात्त्यांपैकी मायदेशी हल्ल्याच्या भानगडीत पडणारे फार तर नवातला एक. पण ज्या कटात असा 'अनुभवी' माणूस असतो, तो कट तडीस जाण्याची आणि जास्त जीव घेण्याची शक्यता वाढते, हेही त्यानेच दाखवलं.

आपल्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर हा फॉल्स पॉझिटिव्हचा प्रॉब्लेम आहे. फिल्टर घट्ट केला तर आठ जण उगाच अडकतात, सैल केला तर नववा निसटतो. नुसता फिल्टर कमी-जास्त करून हे सुटणार नाही. वेगळी माहिती लागते, आणि ती बहुतेक वेळा घरातल्या माणसांकडे असते.

हेडलीच्या बाबतीत ती होती! २००५ मध्ये त्याच्या न्यूयॉर्कमधल्या बायकोने तपास अधिकाऱ्यांना सांगितलं, की हा लष्करकडे प्रशिक्षण घेऊन आलाय. पुढे त्याच्या मोरोक्कन बायकोने इस्लामाबादच्या अमेरिकन वकिलातीत जाऊन त्याच्याबद्दल तक्रार केली, तीसुद्धा हल्ल्याच्या आधी. दोन वेगवेगळ्या बायका, दोन वेगवेगळे देश, गोष्ट एकच. नवरा-बायकोचं भांडण समजून ती बाजूला पडली की आणखी काही कारण होतं, यावर वाद होत राहतील. हेडलीला अटक झाली ऑक्टोबर २००९ मध्ये, शिकागोच्या विमानतळावर. जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली.

'हे लोक का जातात' यावर ढीगभर लिहिलं गेलंय. पण जवळच्या माणसाने 'हा बिघडलाय' असं येऊन सांगितलं, तर ते ऐकून घेणारं, दोन ठिकाणच्या नोंदी जुळवून बघणारं कोणी आहे का, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथे सिस्टिम नापास झाली, आणि त्याची किंमत शिकागोने नाही, मुंबईने मोजली.